चिलार काढायची तर गड्ड्यासकट

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून फार लांब नाही, अशी आमची जमीन आहे. खालचं काळं रान दरवर्षी पेरत आलो. वरचा पाच एकरांचा मुरमाड पट्टा मात्र मी लग्न होऊन आले तेव्हाच पडीक होता. दोन दुष्काळ लागोपाठ आले, बैलं विकावी लागली, औत थांबलं आणि त्या पट्ट्यात चिलार घुसली. कुणी तिला वेडी बाभूळ म्हणतं, कुणी विलायती बाभूळ. सातबारा आमच्या नावावर, पण बांधाला उभं राहिलं तर पलीकडचा बांध दिसत नव्हता. रानडुकरं दिवसभर आत बसायची आणि रात्री खालच्या ज्वारीत उतरायची. यांची नोकरी सोलापुरात, त्यामुळं शेती मी आणि माझे सासरे बघतो. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तो पट्टा मी अंगावर घेतला. आज तिथं मारवेल गवत आहे, हुलगा होतो, तूर होते, हिवर आणि कडुलिंब वाढताहेत. हे कसं झालं ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्या भागात जो तो चिलार तोडतो आणि तीन-चार वर्षांनी तीच चिलार पुन्हा तोडतो.

हे झाड इथलं नाही. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आपल्या देशात ते 1870 च्या दशकात आलं, उजाड जमीन हिरवी करायला आणि सरपणाची सोय व्हावी म्हणून. जोधपूर संस्थानानं तर 1940 मध्ये त्याला राजवृक्षाचा मान दिला होता. पुढं कच्छच्या बन्नीत खारी जमीन पसरू नये म्हणून ते लावलं आणि तिथलं नावाजलेलं गवताळ कुरण त्यानं गिळून टाकलं. तमिळनाडूत 2017 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं ही झाडं काढायचे आदेश दिले, इतका तिथं त्याचा जाच झाला होता. आमच्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दुसरं काही तग धरत नाही तिथं ही तरारून उभी राहते.

मामांना मात्र चिलारीला सरसकट वाईट म्हटलेलं खपत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात चूल कशावर पेटली इचार तुझ्या सासूला," म्हणतात. आणि ते खरंच आहे. आजही वस्तीवरच्या कितीतरी घरात तिच्याच लाकडावर भाकरी होते. चिलारीचं लाकूड जड, निखारा टिकाऊ. म्हणून पट्टा साफ करायला घेताना मी पहिल्यांदा ठरवलं ते हे की जळणाला येणाऱ्या बायकांना अडवायचं नाही. बारीक फांद्या, सुकलेली लाकडं ज्यांना हवी त्यांनी न्यावीत.

कुऱ्हाड हातात घेण्याआधी एक काम करावं लागतं आणि ते बहुतेक जण टाळतात. चिलार कुठली आणि आपली झाडं कुठली ते बघून खुणा करणं. आमच्या पट्ट्यात चिलारीच्या गर्दीत गावठी बाभळी होत्या, त्यातली एक-दोन उंच रामकाठी, आणि हिवरही होते. काटे सगळ्यांनाच, त्यामुळं मजुराच्या कुऱ्हाडीला सगळं सारखंच. बाभळीचं फूल पिवळं, गोल. शेंग मण्यांच्या माळेसारखी, मध्ये मध्ये आवळलेली. हिवराची साल फिकट, फुलं पांढरट. चिलारीचं फूल गोल नसतं, बोटभर लांबीचा फिकट पिवळा तुरा असतो आणि शेंग सरळसोट, थोडी वाकलेली, पिकली की गवती पिवळी, चघळली तर गोड. फुलं-शेंगा नसतील त्या दिवसांत ओळखणं अवघड जातं. म्हणून मी शेंगांच्या हंगामातच फिरून आपल्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारून घेतला. चुना बघितला की कुऱ्हाड थांबवायची, एवढंच मजुरांना सांगायचं राहिलं.

आता गड्ड्याचं. या सगळ्या कामाचा जीव तिथं आहे.

गावात विहिरीच्या कामावर आयुष्य घातलेले एक तात्या आहेत. पहार आणि टिकाव घेऊन ते पहिल्या दिवशी आले आणि एकही फांदी न तोडता एका मध्यम चिलारीच्या बुंध्याभोवती माती उकरायला बसले. वीतभर खाली गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. बुंधा जमिनीत शिरतो तिथं मुळाच्या वर एक फुगीर गाठाळ भाग होता, माझ्या दोन्ही ओंजळींत मावणार नाही एवढा. त्यावर साल फाटून आलेले बारीक, लालसर डोळे. काही डोळे डाळीएवढे, काही फुटून पांढुरका कोंब झालेले. त्याच्या खाली गेलं की मूळ गुळगुळीत, एकही डोळा नाही. तात्यांनी पहारीचं टोक आधी त्या गाठीवर टेकवलं, मग खालच्या मुळावर. "अक्का, हितनं वर कुठंबी तोडा, ती हसतीया. हितनं खाली तोडली की मेली."

तेच खरं. चिलार खोडातून तोडली की त्या गड्ड्यातले निजलेले डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी सात-आठ फोक वर येतात. पूर्वीपेक्षा दाट, पूर्वीपेक्षा काटेरी. आग लावली तरी जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो. दरवर्षी बांधावर जी तोड चालते ती म्हणजे तिची छाटणीच. गड्डा आणि त्याखालचं थोडं मूळ बाहेर आलं तर मात्र खोल राहिलेल्या मुळातून ती पुन्हा येत नाही. साधारण एक फुटापर्यंत खाली जायचं. ओल्या, जुन्या झाडाला थोडं जास्त.

हे कळल्यावर कामाचा क्रम आपोआप ठरला. तोड थंडीत, शेंगा धरायच्या आधी. खणणं पाऊस पडल्यावर. उन्हाळ्यात आमचा मुरूम असा कडक होतो की टिकावाच्या ठिणग्या उडतात. तोडताना कंबरेएवढा खुंट मुद्दाम उभा ठेवायला सांगितलं. बुडाशी तोडलं की पुढं गड्डा शोधायला लागतो, आणि उपटताना धरायला काही राहत नाही.

तोडीचं काम वाटतं त्याहून जिकिरीचं. झाड आडवं पडतं तेव्हा काटेरी फांद्यांचा ढीग होतो आणि त्याला हात घालता येत नाही. आमच्याकडं यासाठी बेळकं वापरतात, दोन टोकांची लांब काठी. त्यानं शिरी, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, उचलायची, ढकलायची, एकावर एक दाबायची. पायात बूट नकोत, पातळ रबरी तळ असेल तर काटा सरळ आरपार येतो. टायरची चप्पल सगळ्यात चांगली, आणि मजुरांच्या प्रत्येक जोडीला मी ती घेऊन दिली. चिलारीचा काटा मोडून आत राहिला की पाय सुजतो, ठणकतो, कधी पू होतो. "निघंल आपोआप" म्हणून चार दिवस लंगडत काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. मी नियम केला होता: काटा मोडला की काम बंद, सुईनं निघाला तर ठीक, नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच परत यायचं. त्या दिवसाची मजुरी पूर्ण. ट्रॅक्टर तर त्या रानात घालूच नये जोवर शिरी उचलून जमीन दाताळ्यानं ओढून घेत नाही. मोठ्या टायरचं पंक्चर म्हणजे अर्धा दिवस आणि वर खर्च.

लाकडाचं काय करायचं, यावर भट्टीवाला ठेकेदार स्वतःहूनच आला. आमच्या भागात चिलारीचा कोळसा पाडणारी कुटुंबं दर हिवाळ्यात येतात, बरीचशी रायगडकडची कातकरी माणसं. ठेकेदारानं पट्टा बघितला, किंमत सांगितली आणि मग म्हणाला, "वहिनी, खुंट कशाला काढताय? राहू द्या. चार वर्षांनी परत येतो की मी. आत्ताच वर पाच हजार जास्त देतो."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. कोळशाच्या धंद्यासाठी चिलार हे पीक आहे. ती जितकी फुटेल तितकं बरं. आपल्याला ती जायला हवी आहे. कोळसेवाला आला, रान साफ दिसायला लागलं, चार पैसेही मिळाले, म्हणून शेतकरी समाधानी होतो आणि पुढच्या पावसात तेच रान दुप्पट दाट होतं. मी वरचे पाच हजार नाकारले. लाकूड तुमचं, खुंट आमचे, असं ठरलं. लाकडाच्या वाहतुकीची परवानगी लागते का, हे गाडी भरायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचारून घेतलं. तेही प्रत्येकानं आपल्या तालुक्यात विचारून घ्यावं.

भट्टी मी पहिल्यांदाच जवळून बघितली. लाकडं सारख्या लांबीची तोडून उभी-आडवी रचायची, भेगा बारीक काटक्यांनी भरायच्या, वरून पाला-गवत, त्यावर ओली माती लिंपायची आणि वरच्या तोंडातून निखारा सोडायचा. मग राखण. रात्री-अपरात्री उठून बघावं लागतं, कुठं माती फाटली आणि हवा शिरली तर कोळशाची राख होते. सुरुवातीला धूर दाट पांढरा निघतो, ती लाकडातली ओल. तो विरळ होऊन निळसर झाला की भट्टी बंद करायची. हे सगळं एक पंचविशीची बाई धुरात डोळे बारीक करून सांगत होती, कडेवर तान्हं. या लोकांना मुकादम आधीच उचल देतो आणि मग हंगामभर हिशेब फिटत नाही. खणायच्या कामाला त्यांच्यातली जी माणसं थांबली त्यांची मजुरी मी रोजच्या रोज त्यांच्याच हातात दिली. तुमच्या रानात भट्टी लागली तर पाण्याची टाकी, सावली आणि हातात पैसा, एवढं तरी बघा. चिलार काढण्याचा खरा भार त्यांच्याच अंगावर असतो.

जूनमध्ये पहिले दोन चांगले पाऊस झाले, वापसा आला आणि खणायला सुरुवात केली. मोठ्या झाडांना जेसीबी सांगितला, तासाला हजार-बाराशेच्या घरात दर. जेसीबीचं काम चालकावर आहे. घाईतला चालक बकेटनं खुंट ढकलतो, तो मानेत मोडतो आणि गड्डा आतच राहतो. दिसायला काम झकास, तासाला पाच-पंचवीस खुंट उडवले. आमच्याकडं आलेला पोरगा समजूतदार होता. त्याला तात्यांनी उघडलेला गड्डा दाखवला, मग तो बकेटचे दात लांबून तिरपे घालायचा आणि खालून उचलायचा. मी प्रत्येक खड्ड्याजवळ जाऊन बघत होते. गड्डा अख्खा आला, मुळाचा तुटका शेंडा गुळगुळीत दिसला, तरच पुढं. निघालेले गड्डे माती झटकून, मुळं वर करून उन्हात टाकले. तसेच मातीत लोळत पडले आणि पाऊस लागला तर काही पुन्हा हिरवे होतात. महिनाभर वाळल्यावर तेही जळणाला गेले.

मनगटाएवढ्या आणि त्याहून लहान झाडांना जेसीबी लावणं म्हणजे पैसे आणि माती दोन्ही वाया. ती पहारीनं आणि टिकावानं काढली. ओल्या जमिनीत दोन माणसं दिवसात बराच पल्ला मारतात.

ओढ्याच्या काठाला मात्र मी मशीन लावू दिलं नाही. तिथं चिलारीच्या मुळांनीच दरड धरून ठेवलेली. सगळी एकदम काढली असती तर पहिल्या पुरातच काठ वाहून गेला असता. तिथं आधी निरगुडी आणि करंज लावून घेतली, ती धरली तसतशी एक-एक चिलार हातानं काढत गेलो. अजूनही थोडी शिल्लक आहे. तिच्या शेंगा तेवढ्या दरवर्षी पिकायच्या आत काढून घेतो.

औषधाबद्दल बरेच जण विचारतात. गड्ड्यावर डिझेल ओता, मीठ घाला, तणनाशक मारा, असे सल्ले पारावर फुकट मिळतात. आमची विहीर त्या पट्ट्याच्या उताराला आहे. तिचं पाणी घरात येतं. ग्लायफोसेट या तणनाशकावर तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंध आणले, ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरायचं असं ठरवलं. पाठीवर पंप अडकवून कुणीही उठून फवारायचं ते औषध नव्हे. मिठानं तर चिलारीआधी आपलीच जमीन मरते, चिलार खारी जमीनसुद्धा सोसते. पहारीला पर्याय असेल तर तो मला माझ्या विहिरीच्या वर नको आहे.

एवढं होऊन रान मोकळं झालं. मामा काठी टेकत वर आले, या बांधावरून त्या बांधापर्यंत नजर फिरवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला भरून आलं. पण तात्या म्हणाले, "आता खरं काम."

त्याच पावसाळ्यात श्रावण संपता संपता सगळ्या पट्ट्यावर बारीक हिरवे ठिपके दिसायला लागले. चिलारीची रोपं. वर्षानुवर्षं पडलेल्या शेंगांचं बी मातीत होतं. त्या बियांचं कवच इतकं टणक की पाणी सहज आत शिरत नाही. काही यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढं. जमीन उघडी पडली, ऊन लागलं, जेसीबीनं माती खालवर केली आणि सगळ्यांना एकदम संधी मिळाली. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटून येतं. तेच दिवाळीपर्यंत राहू दिलं तर वर हातभर आणि खाली त्याच्या दुप्पट सोटमूळ, मग पुन्हा टिकाव. म्हणून पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी, आत्या आणि वस्तीवरच्या दोघी-तिघी ओळीनं रानातून चालतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, यात सगळ्यात तरबेज. तूर आणि चिलार यांची दोन पानी रोपं त्या लांबूनच वेगळी ओळखतात. पहिल्या वर्षी घमेली भरली. आता तेवढी भरत नाहीत, पण चालणं चुकवलेलं नाही.

आणि बी फक्त मातीतलं नसतं, ते येतही असतं. कसं येतं हे नीट पाहिलं तर अर्धी लढाई तिथंच आहे. चिलारीची शेंग गोड, म्हणून जनावरं ती आवडीनं खातात, गर पचतो आणि टणक बी शेणातून, लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. उलट पोटातून गेल्यानं त्याचं कवच मऊ होतं आणि वर आयतं खत. आमच्याकडं रानात मेंढरं बसवायची जुनी रीत. खताला त्यासारखं दुसरं नाही. पण मेंढरं एप्रिल-मे मध्ये ओढ्याकाठच्या शेंगा खाऊन आपल्या रानात बसली की आपणच पैसे देऊन चिलार पेरून घेतली.

मी दरवर्षी येणाऱ्या मेंढक्याशी बोलले. वयस्कर माणूस, सांगोल्याकडचा. आधी त्यांना वाईट वाटलं. "अक्का, मेंढरं नगंत व्हय तुमास्नी?" मी म्हटलं, "मामा, मेंढरं पाहिजेतच. पण ज्वारी निघाली की या, शेंगा पिकायच्या आत. आणि उन्हाळ्यात यायचं झालं तर आठ दिवस शेंगांपासून लांब ठेवून मग आमच्यात बसवा." त्यांनी थोडा विचार केला. मग हसून म्हणाले की लेंडीतनं चिलार उगवती हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत आहे, पण आजवर कुठल्या शेतकऱ्यानं विचारलं नाही. आता ते फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात.

आमच्या शेळ्यांचंही तसंच बघावं लागलं. शेंग वाईट नाही, चारा टंचाईत ती आधार आहे. फक्त अख्खी द्यायची नाही. वाळवून, बियांसकट भरडून, कडब्यात मिसळून थोडी थोडी द्यायची. बी भरडलं की उगवण्याचा प्रश्न मिटला. नुसत्या शेंगांवर जनावर ठेवलं तर पोट बिघडतं, तेही सांभाळायचं. शेणखत बाहेरून घेताना ते नीट कुजलंय का ते मी आता हात घालून बघते. कच्चं खत नको, कितीही स्वस्त मिळालं तरी.

तरीही माझ्या मते सगळ्यात जास्त काम केलं ते गवतानं. मोकळी मुरमाड जमीन हे चिलारीला आमंत्रण आहे. तिचं रोप लहानपणी सावलीत आणि दाटीत कमजोर पडतं. म्हणून पहिल्याच पावसात सपाट भागात हुलगा टाकला, तो जमिनीवर पसरून झाकण घालतो आणि हलक्या रानात येतो. उताराच्या दोन एकरांत राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून आणलेली मारवेलची ठोंबं लावली आणि मध्ये स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी टाकलं. पहिलं वर्ष मारवेल नुसतं जीव धरून होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं जमीन धरली. ज्या भागात ते दाट झालं तिथं चिलारीचं रोप क्वचित सापडतं, आणि तिथूनच दोन पावसाळ्यांत शेळ्यांचं आणि म्हशीचं वैरण निघायला लागलं. कडबा विकत घ्यायची वेळ आमच्यावर नंतर आलेली नाही.

बांधावर चुन्याचे पट्टे मारलेले हिवर आता एकटे उभे असतात, त्यांच्याखाली गवत येतं. चिलारीखाली काही येत नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला टिटव्या मोकळ्या जागेत खडे गोळा करून अंडी घालतात, चंडोल उडताना गातात. कधी काळविटं येतात आणि तुरीचे शेंडे खातात, त्याचा त्रास होतो, पण रानडुकरापेक्षा तो मला चालतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्या शेजारच्याच तालुक्यात. उत्तर सोलापुरातला तो माळ गवताचाच, तिथल्या प्राण्यापाखरांना लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. आपल्या जिल्ह्याचा माळ उजाड आहे आणि त्यावर काहीही हिरवं उगवलं तरी चांगलंच, ही समजूत मला मनापासून दुखावते. गवताचा माळ ही उजाड जागा नव्हे.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. आमच्या ओढ्यात पाणी फुगून खालच्या काळ्या रानात शिरलं, उभं पीक गेलं. पाणी उतरल्यावर गाळाच्या कडेनं काडीकचऱ्याची एक लांब रेघ राहिली होती. त्या कचऱ्यात चिलारीच्या शेंगा होत्या, वरच्या अंगानं वाहत आलेल्या. दिवाळीनंतर त्या रेघेवरच रोपांची रांग उगवली, कुणी पाभरीनं पेरल्यासारखी. जिथं कधी चिलार नव्हती तिथं. उपटायला सोपी गेली, गाळ मऊ होता. पण एक गोष्ट स्वच्छ कळली की वरच्या अंगाला ओढ्यात चिलार आहे तोवर माझ्या एकटीच्या बांधाला अर्थ नाही.

वरच्या शेतकऱ्यांशी बोलणी त्यानंतर सुरू केली. भावकीतलेच काही, त्यामुळं जुने हिशेब मध्ये येत होते. वाद नको म्हणून मी त्यांना आमच्या मारवेलात आणून उभं केलं, एक जुना वाळलेला गड्डा हातात दिला आणि वैरणीचा ढीग दाखवला. चुलत दीर म्हणाले, "वहिनी, ठोंबं देणार का?" म्हटलं, "हवी तेवढी न्या, आधी गड्डे काढा." ओढ्याच्या सरकारी भागासाठी ग्रामपंचायतीत ठराव मांडला आहे. येत्या जूनला तिघांनी मिळून एकच जेसीबी सांगायचा, तोच समजूतदार पोरगा, आणि ओढ्याच्या अगदी वरच्या टोकापासून खाली यायचं ठरलंय. मारवेलची ठोंबं मी मे महिन्यातच पाणी देऊन तयार ठेवणार आहे.